तळवाभर पिवळा

३ नोव्हेंबर

फौंड्रीला वाळू पुरवणारे लोक दरवर्षी एक डायरी पाठवतात. वर सोनेरी अक्षरांत नाव असतं, श्री. धनपाल मगदूम. ह्यांना जाऊन दोन वर्षं होत आली, पण त्या लोकांना कुणी कळवलेलं नाही. आमचा अनेकांत एकदा फोन लावणार होता. मीच म्हटलं, राहू दे. वर्षातनं एकदा तरी दारात कुणी ह्यांच्या नावानं काही घेऊन येतं. यंदाची डायरी कपाटात कोरी पडून होती, ती आज काढली. ह्यांच्या नावाखाली मी लिहिते आहे. चालेल त्यांना.

झालं असं की विमान विकलं.

जेवताना अनेकांतनं सांगितलं, माझ्याकडं न बघता. सीमेपलीकडं कर्नाटकात विमान चालवायला शिकवणारी एक शाळा आहे, ती घेणार. त्यांची सगळी विमानं पांढरी, निळ्या पट्ट्याची. तेव्हा आपण रंगवून द्यायचं. जुना रंग पूर्ण खरवडून, पत्रा उघडा करून, मग नवा. संक्रांतीच्या आत.

"शेडमध्ये नुसतं कुजाय लागलंय, आई," तो म्हणाला. "उडालं न्हाय तर भंगार हुतंय त्याचं. पप्पांना चाललं असतं काय?"

चाललं नसतं. मी म्हटलं, दे. फक्त रंग गौसभाई लावतील.

"गौसचाचा ट्रक रंगवत्यात, आई. हे इमान हाय."

"आधीबी त्यांनीच रंगवलंय. पडलं काय?"

त्यावर तो हसला. इंजिनियर हो म्हणाला तर बघू, म्हणाला.

मला ते विमान कधीच नको होतं, हे इथं लिहून ठेवते. ह्यांनी पन्नाशीला उडायला शिकायचं काढलं तेव्हा मी धड बोलत नव्हते. पुढं एका बंद पडलेल्या क्लबाचं जुनं, दोघांना बसायचं विमान घेतलं तेव्हा गल्लीतल्या बायका विचारायच्या, काय वो राजमतीवैनी, दारात कुठं लावणार? मी त्यात एकदाही बसले नाही. मग विकताना मला काय होतंय, ते कळत नाही.

६ नोव्हेंबर

उजळाईवाडीला गेले. विमानतळाच्या पार टोकाला आपली पत्र्याची शेड आहे. दार सरकवलं तेव्हा धुरळा उडाला. विमान तसंच उभं होतं, पिवळंजर्द, एक टायर बसलेला. ह्यांचं स्टूल पंखाखाली होतं, जिथं ते बसून दशम्या खायचे तिथंच. मी पदरानं पुसलं आणि त्यावर बसले.

दोन नवी माणसं भेटली. एक हेरेकर, बेळगावचे इंजिनियर. विमान उडण्याजोगं आहे असा दाखला ते देणार. बोलणं कमी, कपाळाला आठी. दुसरी त्या शाळेची वैमानिक, अपूर्वा. मुलगी आपली गडहिंग्लजची, माझ्या सुनेच्या वयाची. ती विमानाभोवती फिरत होती आणि प्रत्येक सांध्याला, प्रत्येक खिळ्याला हात लावून बघत होती. आपण गाय घेताना बघतो तसं.

"काकू, दाखला मिळाला की हे मीच उडवत नेणार," ती म्हणाली.

"भ्या वाटत न्हाय?"

"वाटतंय की. म्हणून तर सगळं हात लावून बघतो."

हेरेकरांनी गौसभाईंना अर्धा तास उलटसुलट विचारलं आणि शेवटी हो म्हणाले. पण बजावून ठेवलं. जुन्या रंगावर नवा चढवायचा नाही. रंगालाही वजन असतं. थरावर थर देत गेलं तर रिकाम्या गाडीत पोतं भरल्यासारखं होतं. शेपटीला ज्या दोन हलत्या फळ्या आहेत, ज्यांनी विमान वर-खाली होतं, त्या तर रंगवून झाल्यावर काढून तोलून बघणार.

गौसभाई म्हणाले, "बरं सायेब." ते सगळ्यांना बरं म्हणतात. मलाही.

९ नोव्हेंबर

सकाळी गौसभाईंचा फोन. "वैनी, शेपटीच्या पोकळीत चिमणीनं घरटं केलंय. पिलं हायत. काय करू?"

तीस वर्षं आमच्या घरी येणाऱ्या माणसाला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं. मी म्हटलं, पिलं उडाल्याशिवाय शेपटीला काय, विमानालाच हात लावायचा नाही. रंग काढायच्या त्या औषधाचा वास किती उग्र असतो.

अनेकांत वैतागला. "उद्या ऊसतोड थांबव, फडात उंदरं हायत म्हणून."

"आपला ऊस असता तर थांबवली असती," मी म्हटलं.

दुपारी बाजारातनं राळं आणलं, पिलांच्या आईसाठी. आज जेवण चांगलं गेलं.

१५ नोव्हेंबर

पिलं अजून आहेत. रोज फोन करून विचारते.

वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. बाई म्हणाल्या, तुमचं वाचन फार. माझी शाळा सातवीपर्यंतच. वाचायला शिकले ती कुरुंदवाडला, वडिलांच्या किराणा दुकानात, पुड्या बांधायच्या रद्दीवर. त्यामुळं प्रत्येक गोष्ट अर्धी मिळायची. गूळ घेऊन गिऱ्हाईक जायचं आणि गोष्टीचा शेवट त्याच्याबरोबर. लग्नानंतर ह्यांना हे सांगितलं तर त्यांनी वाचनालयात माझं नाव घातलं. म्हणाले, आता शेवट वाच.

मधली काही वर्षं मला नीट दिसेनासं झालं होतं. मी समजायची चष्मा मळलाय, पुसत राहायची. मोतीबिंदू आहे हे फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी ऑपरेशनला घाबरून वेळकाढूपणा केला. त्या दिवसांत हे फौंड्रीतून आले की दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचो आणि मग ते मला वाचून दाखवायचे. वाचताना फार अडखळायचे. "हे काय लिहिलंय गं?" असं मलाच विचारायचे, जिला दिसत नव्हतं तिला. मी अंदाजानं सांगायची. बहुतेक वेळा बरोबर यायचं.

२२ नोव्हेंबर

पिलं उडाली. गौसभाईंनी आनंदानं कळवलं. मी राळ्याची पुडी पिशवीत घातली होती, ती काढून ठेवली.

काम सुरू झालं आहे. मी गेले होते. रंगावर एक जाड औषध फासतात आणि थांबतात. थोड्या वेळानं रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुततो, फुगतो, मग पट्टीनं अलगद निघतो. पिवळ्याखाली पांढरा निघाला. पांढऱ्याखाली हिरवट अस्तर, आणि त्याखाली पत्रा. नव्या ताटासारखा लख्ख.

"आधी पांढरंच होतं की," गौसभाई म्हणाले. "मीच मारलता. लई झ्याक दिसायचं. दोन वर्सं झाली नसतील, दादा एक दिवस दुपारचं आले आन् म्हणाले, गौस, पिवळं कर. म्या म्हटलं, का वो, पांढऱ्याला काय झालं? तर म्हणाले, लांबनं दिसत न्हाय."

"कुणाला?"

"ते काय बोलले न्हाईत. पर एक पिवळा पसंत पडंल तर शपथ. डबं उघडून पत्र्याचं तुकडं रंगवायचं, ते माझ्या हातात दिऊन मला उनात पार कुंपणापतूर पाठवायचं आन् आपण हितनं डोळं मिचकावून बघायचं. मग चष्म्यावर त्यांनी काय तरी तेलबिल लावलं बगा. तसल्या चष्म्यातनं बघायचं. म्या म्हटलं, दादांचं डोस्कं फिरलं. शेवटाला शाळंच्या बसचा पिवळा धरला."

हे असेच होते. दुसऱ्या विमानाला आपलं विमान ढगातनं, धुक्यातनं दिसावं, धडक होऊ नये, म्हणून एवढं. सगळ्या गोष्टीत शिस्त. फौंड्रीतसुद्धा हातमोजे घातल्याशिवाय कुणाला आत सोडायचे नाहीत.

मला मात्र तो रंग जरासुद्धा आवडला नव्हता. हळकुंड म्हणायची मी त्याला. आज ते हळकुंड सालपटं होऊन फरशीवर पडत होतं आणि मी साडी वर धरून त्यातनं वाट काढत होते. पाय पडू नये म्हणून.

२६ नोव्हेंबर

आज काही झालं नाही. उन्हात शेंगा टाकायला गच्चीवर गेले आणि बराच वेळ तिथंच बसले.

हे उडायला गेले की घरावरून एक फेरी मारायचेच. आपली लाल पाण्याची टाकी ही त्यांची खूण. टाकीवर आले की एक पंख खाली करायचे. माझं काम गच्चीवर उभं राहायचं. विमानात बस म्हणाले तेव्हा मी म्हटलं होतं, दोघं गेल्यावर खालनं बघणार कोण? ते त्यांना पटलं होतं बहुतेक, पुन्हा म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर हात धुताधुता पहिला प्रश्न तोच. "राजू, दिसलं काय?"

पहिल्या पहिल्यांदा मी खरं सांगायची. "न्हाय दिसलं. आवाज ऐकला." मग ते गप्प बसायचे. मला वाटायचं, मी कौतुक केलं नाही म्हणून रुसले. नंतर पिवळं झाल्यावर माझं बोलणं बदललं. "दिसलं की! हळकुंड उडाल्यावानी दिसलं. सगळ्या गावात लाज काढली." ह्यावर मात्र ते इतके हसायचे की धोतराच्या कापडाचा तो हात पुसायचा पंचा तोंडावर धरायचे. आणि एक भाकरी जास्त खायचे.

बायकोनं नावं ठेवल्यावर खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

३ डिसेंबर

पंख झाले, पोट झालं. आता फक्त शेपूट पिवळी राहिली आहे.

आज मी एक गोष्ट केली. बरी की वाईट, अजून ठरवलेलं नाही.

गौसभाईंच्या वडिलांपासून त्यांच्या कामाची एक रीत आहे. जुनी गाडी नव्या मालकासाठी रंगवताना सगळी खरवडतात, पण कुठंतरी आतल्या बाजूला, दाराच्या बिजागरीपाशी किंवा सीटच्या मागं, हाताचा तळवा ठेवून तेवढा जुना रंग सोडतात. त्यावर नवा मारतात. बाहेरून कळत नाही. त्याला ते तळवा ठेवणं म्हणतात. गाडीला जुना मालक आठवावा, तिनं नव्याला दगा देऊ नये, म्हणून. आमची पहिली ट्रक विकली तेव्हा ह्यांनी स्वतःचा तळवा ठेवून रंग सोडायला लावला होता.

मी गौसभाईंना म्हटलं, "शेपटीत कुठंतरी तळवा ठेवाल काय? ह्यांच्या नावानं."

ते हातातली पट्टी पुसत राहिले. "वैनी, सायेब म्हणालेत, काय ठेवायचं न्हाय."

"तळव्याएवढ्यानं काय हुतंय?"

"व्हय, तळव्याएवढ्यानं काय हुणार," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "बरं."

मी मागितलं की त्यांना नाही म्हणताच येत नाही. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१३ डिसेंबर

पांढरं झालं. बाजूनं निळा पट्टा. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. पण ओळख पटत नाही. जन्मभर मिशी ठेवलेला माणूस एकदम मिशी काढून दारात आला तर बाई आधी आत जाऊन पदर नीट करेल, तसं मला झालं.

गौसभाईंनी कुणाचं लक्ष नाही असं बघून शेपटीच्या डाव्या फळीकडं बोट केलं. मी खालून हात लावून पाहिला. गुळगुळीत. काही कळत नाही.

घरी येताना रिक्षात मला हसू येत होतं. लहानपणी फडताळात लाडू लपवून ठेवल्यावर यायचं तसं.

१९ डिसेंबर

हेरेकरांनी दोन्ही फळ्या काढून तोलायला घेतल्या. अपूर्वाही आली होती, अनेकांत होता. मी स्टुलावर.

एका लाकडी घोडीवर दोन धारदार पट्ट्या असतात. फळीच्या बिजागऱ्या त्या पट्ट्यांवर टेकवतात. पुढच्या कडेला आत शिसं असतं. ते आणि मागचा लांब भाग यांचा मेळ बसला पाहिजे. उजवी फळी ठेवली. ती हलली, डुलली आणि आडवी स्थिर झाली. मग डावी ठेवली. तिची मागची कड सरळ खाली गेली आणि खालीच राहिली.

हेरेकरांनी पुन्हा ठेवली. पुन्हा खाली. त्यांनी खिशातनं पातं काढलं, फळी उलटी केली आणि एक बारीक रेघ ओढली. पांढऱ्याखाली पिवळा. आणखी लांब जाऊन दुसरी ओढली. तिथंही पिवळा. सगळीच्या सगळी खालची बाजू.

मी तळवा मागितला होता. गौसभाईंनी फळीभर सोडला होता.

"हे काय आहे?" हेरेकरांनी विचारलं.

गौसभाई खाली बघून म्हणाले, "चुकलं, सायेब."

"चुकलं नाही. कंटाळा केलात आणि वर पांढरा मारून लपवलंत." आवाज चढला नव्हता, त्यानं जास्त लागलं. "वेगात असताना ही फळी थरथरायला लागते. एकदा लागली की शेपूट तुटायला वेळ लागत नाही. मगदूम, हा माणूस मला परत या शेडमध्ये दिसायला नको. सगळं विमान दुसऱ्याकडून तपासून घ्या. आणखी कुठं काय केलंय देव जाणे."

अनेकांत गौसचाचांकडं बघत होता. लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून त्यानं दसऱ्याची मिरवणूक पाहिली त्यांच्याकडं. गौसभाईंनी आपले ब्रश गोळा केले, जुन्या कापडात बांधले आणि निघाले. जाताना माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझं नाव पुढं येऊ नये म्हणून पाहिलं नाही.

आणि मी स्टुलावर बसून राहिले.

२० डिसेंबर

गेले नाही. फोनही केला नाही.

वडिलांचं दुकान आठवत राहिलं. सकाळी दुकान उघडलं की दिवा लावायच्या आधी ते तराजूचं पारडं उलटं करून बघायचे. आदल्या दिवसाचा गूळ पारड्याच्या बुडाला चिकटलेला असायचा, तो नखानं काढायचे, मग ओल्या फडक्यानं पुसायचे. एकदा मी म्हटलं, एवढ्याशा गुळानं काय हुतंय, आण्णा? त्यांनी मला तराजू हातात धरायला दिला आणि रिकामी पारडी बघ म्हणाले. एक खाली होतं.

मी त्या घरची मुलगी. आणि मीच विचारलं, तळव्याएवढ्यानं काय हुतंय.

२१ डिसेंबर

आधी गौसभाईंच्या घरी गेले, सोमवार पेठेच्या मागं. शमशादभाभींनी चहा ठेवला. गौसभाई बाहेर आले तेव्हा मी म्हटलं, "चला शेडला."

"कशाला वैनी, मिटलं की आता."

"मी तळवा मागितलता. तुम्ही आख्खी फळी सोडली. का?"

ते ओशाळले. मग म्हणाले, "ठेवून बघितला की वो माझा तळवा. लई बारका दिसला. दादांचा तळवा केवढा हुता."

भाभींनी आतनं ऐकलं असावं. चहा घेऊन आल्या त्या डोळे पुसतच.

शेडमध्ये तिघंही होते. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं की हे मी करायला लावलं, गौसभाईंनी आधी नाही म्हटलं होतं, आणि परवा मी गप्प बसले. अनेकांत म्हणाला, "आई, तू?"

अपूर्वा पुढं आली. मला वाटलं आता ही रागावणार, आणि रागवावं असंही वाटलं. ती साध्या आवाजात म्हणाली, "काकू, त्यात मी बसणार हाय."

बस, एवढंच. गेल्या दोन वर्षांत मला कुणी सरळ बोललेलं नाही. सगळे दुखऱ्या बोटाला फुंकर घालतात तसे बोलतात. ही पोरगी खरं बोलली.

मी म्हटलं, "व्हय बाई. चुकले मी."

हेरेकर गौसभाईंना म्हणाले, "फळी परत करायची. माझ्यासमोर. आणि तुमचं ते तळव्याचं ट्रकवरच ठेवा." म्हणजे गौसभाई काम करणार. जाताना हेरेकर अनेकांतला असंही म्हणाले की दरवाजाच्या आतल्या बाजूला, जिथं हलतं काही नाही, तिथं तळवाभर रंगानं कुणाचं बिघडणार नाही. हवं तर तिथं पिवळा लावून घ्या.

मी नको म्हटलं. नवा पिवळा लावून काय करू? तो ह्यांच्या वेळचा नव्हे.

२३ डिसेंबर

फळी मी खरवडली. मीच मागून घेतलं. गौसभाईंनी हातमोजे दिले, ह्यांचेच होते, खुंटीला टांगलेले. आत बोटं कुठल्या कुठं गेली.

औषध फासून वाट बघितली. आधी पांढरा सुरकुतला, त्याच्यासकट पिवळा फुगला. पट्टी सरकवली की लांब लांब पापुद्रे निघत होते. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. पापड लाटताना येते तसली एक लय आली हाताला. गौसभाई समोर बसून जुन्या गोष्टी सांगत होते. खंडेनवमीला ह्यांनी विमानाच्या पंख्याला ऊस आणि झेंडू बांधले होते, आणि गेटवरचा साहेब धावत आला होता, अहो हे काय रसवंतीगृह आहे का म्हणून. मी हसले. अपूर्वा लांबून बघत होती, तीही हसली.

शेवटचा पापुद्रा निघाला. खाली नुसता पत्रा.

"ठेवा की एक तुकडा," गौसभाई म्हणाले.

"नको. वाळल्यावर भुगाच हुणार त्याचा."

१० जानेवारी

नवी डायरी आली. वर सोनेरी नाव तेच.

फळी परवाच तोलून झाली. आडवी राहिली. हेरेकरांनी दाखला दिला, उद्या सकाळी विमान जाणार.

संध्याकाळी अपूर्वा घरी आली. तिच्यासाठी भाकरी, भरलं वांगं, खर्डा केला होता. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "बरं हाय की, मला पहाटे उठायचंच हाय." दोन भाकरी खाल्ल्या. मग म्हणाली, "काकू, उद्या शेडवर या. एक फेरी मारून आणतो तुम्हाला, मग मी जातो."

मोह झाला नाही असं नाही. पण म्हटलं, "मी बसले तर खालनं बघणार कोण?"

तिला ते कळलं नसावं. तरी मान हलवली. जाताना म्हणाली, "गौसचाचांनी लाल टाकी सांगितलीया मला."

११ जानेवारी

सकाळी लवकर गच्चीवर जाऊन उभी राहिले. अंगावर शाल. कारखाने चालू असल्यानं हवेत धूर, वर धुकं, सगळं आभाळ ताकासारखं पांढरं.

आवाज आला. दोन वर्षांनी आला तरी लगेच ओळखला. आधी उजळाईवाडीकडनं, मग जवळ, मग अगदी डोक्यावर. मी मान वर करून सगळीकडं बघितलं. ऑपरेशन झाल्यापासून माझी नजर चांगली आहे, सुईत दोरा ओवते. पण कुठं दिसेना. टाकीवरनं आवाज एकदा गोल फिरला, म्हणजे पंख खाली केला असणार. मी हात हलवला, तिला दिसला तर दिसला. मग आवाज दक्षिणेला लांब लांब गेला आणि शेजारच्या पाण्याच्या मोटारीत मिसळला.

फोन वाजला. गौसभाई शेडवरून बोलत होते, आनंदानं ओरडत. "वैनी, पोरगी टाकीवरनं गेली बगा. दिसलं काय?"

"न्हाय दिसलं," मी म्हटलं. "आवाज ऐकला."

म्हटलं आणि तिथंच टाकीच्या पायरीवर बसले. माझ्याच तोंडातनं निघालेले तेच शब्द, त्याच गच्चीवर. गौसभाई पुढं काहीतरी बोलत होते. मला दिसत होते ते हे, उन्हात उभे, चष्म्याला तेल लावून, डोळे बारीक करून, कुंपणापाशी धरलेला पत्र्याचा एकेक तुकडा बघताना. ह्याच्यातला कुठला हिला दिसेल.

दुसऱ्या विमानासाठी नव्हतं ते.

खाली आले. दूध उतू गेलं होतं, ते पुसलं. मग ही डायरी घेतली, हिच्यावर त्यांचं नाव आहे म्हणून. किती वेळा विचारलंत आणि किती वेळा मी नावं ठेवली. आता नीट सांगते. दिसायचं. पार पंचगंगेच्या पलीकडं असल्यापासून दिसायचं. दरवेळी.